थोर चित्रकार दुपारी झोपायचे

रविवारची दुपारची झोप, तीही दार लोटून आणि पडदे ओढून. अकाउंटंटसाहेबांना एवढंच मिळवायचं होतं. त्यासाठी थोर व्यक्तींच्या चित्रांचा संच आणून हॉलच्या भिंतीवर लावणं हा व्यवहार त्यांना फारच फायद्याचा वाटला. बायको आठवडाभर औषधांचं दुकान बघून मुलंही बघायची, म्हणून रविवारी दुपारी मुलं साहेबांच्या वाट्याला आली होती. अट एकच, "टीव्ही लावून द्यायचा नाही. काहीतरी चांगलं शिकवा त्यांना."

"बाबा, हे दाढीवाले कोण?" थोरलीने विचारलं.

"थोर चित्रकार."

"काय केलं त्यांनी?"

"चित्रं काढली."

"आणि?"

साहेबांची माहिती इथे संपली आणि पापण्या मिटायला लागल्या. "आणि ते रोज दुपारी झोपायचे," ते म्हणाले. "घरात कोणी हूं की चूं केलं नाही, तरच त्यांना चित्र सुचायचं."

मुलं चवड्यांवर चालत हॉलबाहेर गेली. साहेब चहापर्यंत घोरले.

पहिल्याच फटक्यात एवढी वसुली झाल्यावर कोण थांबतो? संध्याकाळी धाकट्याने कोबी बाजूला सारला, तर साहेबांनी चित्रातल्या घोड्यावरच्या सेनापतीला जेवायला बसवलं. "सेनापतींनी कोबी कधी टाकला नाही, समजलं?" धाकट्याने सेनापतीकडे बघत कोबी गिळला.

बायकोने हे ऐकलं. ती दुकानदार होती. चालणारा माल तिला लगेच कळायचा. दुसऱ्या दिवशी साहेब हात धुवायला उठले, तेवढ्यात धाकटा ओरडला, "बाबा, ताट! सेनापती स्वतःचं ताट स्वतः घासायचे!"

"कोणी सांगितलं तुला?"

"आईने. आणि ओला टॉवेल पलंगावर टाकणाऱ्याला ते सैन्यातून काढून टाकायचे."

आजीही मागे राहिल्या नाहीत. त्या साहेबांच्या सासूबाई, मुलीकडे राहणाऱ्या. त्यांनी चष्मेवाल्या शास्त्रज्ञबाई निवडल्या. "या ना, म्हाताऱ्या माणसांशी रोज अर्धा तास गप्पा मारायच्या. घरातल्या जावयालासुद्धा बसवायच्या."

"आई, तुम्हाला हे कुठून कळलं?" साहेबांनी विचारलं.

"तुम्हाला कोबीचं जिथून कळलं, तिथूनच."

भिंतीवरची मंडळी आता घर चालवत होती. साहेब ताट घासत, टॉवेल वाळत घालत, सासूबाईंच्या गुडघ्यांची हकिगत ऐकत. पण रविवारची झोप शाबूत होती, त्यामुळे जमाखर्च अजून त्यांच्या बाजूने होता.

मग शाळेत 'थोरांची ओळख' हा कार्यक्रम आला. थोरलीने चित्रकार घेतले. घरचे सगळे पहिल्याच रांगेत बसले. ती माइकजवळ गेली आणि खणखणीत आवाजात सुरू झाली.

"थोर चित्रकार दुपारी झोपत असत. झोपताना ते घोरत असत. कोणी हसलं तर ते आतून 'कोण आहे रे तिकडे' असं ओरडत असत. उठल्यावर ते 'माझा डोळाच लागला नाही' असं म्हणत असत. त्यांची बायको तेव्हा कपड्यांच्या घड्या घालत असे. अशा कष्टांतून ते थोर झाले."

सभागृहातल्या समस्त आयांनी टाळ्या वाजवल्या. कितीतरी वडील बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकले.

"छान!" मुख्याध्यापिका म्हणाल्या. "ही माहिती कुठे मिळाली गं?"

"बाबांनी सांगितली."

सगळ्या माना वळल्या. खरं बोलावं, तर पोरीचं तोंड एवढंसं झालं असतं. खोटं रेटावं, तर शेजारी सासूबाई होत्या. साहेब उठून उभे राहिले. "माझं... जरा वाचन आहे."

"दिसतंच आहे," मुख्याध्यापिका गोड हसल्या. त्यांनी या नोकरीत असे बरेच वाचक पाहिले होते. "एवढं ज्ञान एका घरात कोंडून ठेवणं बरं नव्हे. आमचा छंदवर्ग शिक्षकाविना पडून आहे. दर आठवड्याला एक थोर व्यक्ती सांगाल ना? रविवारी, दुपारी दोन ते चार."

साहेबांनी आशेने बायकोकडे पाहिलं.

"सांगतील की!" ती म्हणाली. "आमच्या दोन्ही मुलांनाही घेऊन येतील."

आता वाचणं भाग होतं. साहेबांनी वाचनालयातून चित्रकाराचं जाडजूड चरित्र आणलं, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत वाचलं, आणि त्यांना ते चक्क आवडलं. रविवारी ते मुलांपुढे उभे राहिले आणि रंगांबद्दल, उपाशी दिवसांबद्दल, विकल्या न गेलेल्या चित्रांबद्दल इतकं रंगून बोलले, की खिडकीबाहेरचा शिपाईही टेकून ऐकायला लागला.

"आणि दुपारी?" थोरलीने विचारलं.

साहेबांनी चरित्राचं पान उलटून पाहिलं. "दुपारी उजेड सगळ्यात चांगला. म्हणून ते दुपारी कधीच झोपत नसत."

"मग बाबा, तुम्हीही नका झोपू," धाकटा म्हणाला.

त्या वेळी घरात दार लोटलेलं होतं, पडदे ओढलेले होते. आत मायलेकी गाढ झोपल्या होत्या. सासूबाई तर घोरतही होत्या. मुलांना थोर माणसं मिळाली, शाळेला फुकटात शिक्षक मिळाला, आणि झोप घरातल्या घरातच राहिली. फक्त तिची किंमत ज्याने मोजली, तो तिकडे फळ्यापाशी उभा राहून जांभई दाबत होता.