कमळूचं उत्तर

आटगावजवळच्या, बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात मॅनेजर विशे साहेबांनी सकाळीच फर्मान काढलं. ऑफिसचा ईमेल फक्त ऑफिसच्या कामासाठी! घरचे फोटो, लग्नाची आमंत्रणं, देवाचे निरोप, सगळं बंद. ज्याला समजलं त्यानं तसं उत्तर द्यावं. जो देणार नाही त्याचं खातं बंद. ऑफिस सांभाळणाऱ्या भाविकाने तो मेल सगळ्यांना आणि मुंबईच्या मुख्य कार्यालयालाही पाठवला आणि चहाचा कप उचलला.

पहिलं उत्तर लगेच आलं. "समजलं. कमळू."

कप तसाच हातात राहिला. स्टोअरमधला कमळू शिमग्यानंतर तापानं वारला होता. भाविका स्वतः दहाव्याला जाऊन आली होती. त्याचं खातं बंद करायचं मात्र राहून गेलं होतं.

"कुणीतरी चावटपणा करतंय," विशे साहेब म्हणाले. "विचार, कोण आहेस म्हणून."

भाविकाने विचारलं. उत्तर आलं, "मीच."

कमळूच्या जागी आलेला धनेश खुर्चीवरून ताडकन उठला. खुर्चीही कमळूचीच होती. "साहेब, मी आजपासून उभ्यानंच काम करतो."

"मूर्खपणा पुरे. भाविका, खातं बंद करतोय असं कळव त्याला."

तिनं कळवलं. बाहेर धुकं पार गेटच्या आत आलं होतं. तेवढ्यात वीज गेली आणि अंधारात फक्त भाविकाचा बॅटरीवरचा संगणक उजळलेला राहिला. त्यावर अक्षरं उमटली.

"बंद करू नका. माजं सगळं त्यातच हाय. मसणाच्या टेकाडावर उभा हाय. खाली गेलो की बोलता येत नाय."

साहेब पडद्यापासून दोन पावलं मागे सरले. "विचार... काय पाहिजे म्हणावं."

"तुमीच या."

भाविका आणि धनेशला घेऊन साहेबांनी गाडी काढली. "ऑफिसच्या कामाला निघालोय," त्यांनी वॉचमनला उगाचच सांगितलं. धनेशनं वाटेत मुरबाडला नारळ घेतला.

कमळूची वाडी सिद्धगडाच्या पायथ्याशी. गड धुक्यात पुरता बुडाला होता. वाडीच्या अलीकडे मसणवट लागली आणि तिघं गाडीतून उतरले. टेकाडावर पाठमोरं कुणीतरी उभं होतं. अंगात कारखान्याचा पिवळा रेनकोट, डोक्यावर टोपी, एक हात आभाळाकडे.

धनेशच्या हातून नारळ सुटला आणि गडगडत थेट त्या आकृतीच्या पायाशी जाऊन थांबला. आकृती वळली.

विशे साहेबांनी हात जोडले. "कमळू, तापात मागितलेली ती रजा मंजूर रे बाबा! मंजूर!"

रेनकोटची टोपी मागे झाली. "अवो साहेब, असं काय करता? मी गोदू. कमळूची बायको."

भाविकानेच आधी विचारलं, "वहिनी, तुम्ही इथं? मसणात?"

"घरात रेंज येत नाय गो बाय. हितंच येते. मेल त्याच्या नावानं आला, मंग मी त्याच्याच नावानं लिवला. बायकोनं उत्तर दिलं तर तुमी खातं बंद कराल, असं वाटलं."

"पण सगळं त्यातच आहे म्हणजे काय?"

गोदूनं कमळूचाच मोबाइल पुढे केला. घरचे फोटो सांभाळायला कमळू ते स्वतःच्याच ऑफिसच्या मेलवर पाठवून ठेवायचा. लेकीचं बारसं, भाताची लावणी, आणि कपाळावर पांढरा चांद असलेली चांदवी शेळी मांडीवर घेऊन हसणारा कमळू. शेळी प्रत्येक फोटोत होती.

"दुसरीकडं कुटं त्याचा एक फोटो नाय, साहेब," ती हळूच म्हणाली.

साहेब भाविकाकडे वळले. "भाविका, खातं राहू दे. वहिनी, हे सगळे मला पाठवा. मी स्वतः छापून आणून देतो."

गोदूनं पदरानं डोळे पुसले, मग मोबाइलची काच पुसली आणि बटण दाबलं. "गेलं."

तिघांचेही मोबाइल एकदमच वाजले. गोदूनं सकाळच्या मेललाच, तेही 'सगळ्यांना' असं उत्तर दिलं होतं. फोटो सगळ्यांना गेले होते. मुख्य कार्यालयालाही.

विशे साहेब मसणातल्या एका दगडावर मटकन बसले. "आता माझं खातं बंद."

परतीच्या वाटेवर मुरबाड आलं आणि मेल वाजला. मुंबईच्या मोठ्या साहेबांचा. विशे साहेबांनी डोळे मिटून घेतले. "वाच भाविका. काय असेल ते असो."

भाविकाने आधी मनात वाचलं, मग मोठ्यानं.

"विशे, ती चांदवी शेळी विकायची आहे का? उत्तर ऑफिसच्याच मेलवर द्या. घरचा मेल बायको वाचते."