खांबावरचं लाल फडकं

शुक्रवारी सकाळी झऱ्यावर जायचं ठरलं, तेव्हा घरातल्या प्रत्येकाकडे एकेक दुखणं तयार होतं. मबरूकाबाईंकडे दोन गुडघे होते. त्यांच्या मुलाकडे, जिलानीकडे, भाड्याची गाडी चालवून आखडलेली कंबर होती. सून सालहाकडे मात्र फक्त सात महिन्यांची सिरीन होती, आणि बाळ काही दुखण्यात धरत नाहीत.

"तुला कशाला गं गरम पाणी?" मबरूकाबाई म्हणाल्या. "तरणीताठी तर आहेस."

बाळंतपणापासून सालहा एकदाही गळ्यापर्यंत पाण्यात बसली नव्हती. घरी बादलीभर पाण्यात अंग ओलं करून साबण लावला की सिरीन रडायला लागे. तिला साबणाचा वास दोन खोल्यांपलीकडून येत असावा. पोरीचे इवलेसे तळवे हातात आले की सालहाला सगळ्याचा विसर पडे, हे खरंच. पण ते तळवे दुसऱ्या कुणीतरी अर्धा तास धरावेत आणि आपण पाण्यात बसावं, एवढं तिला फार हवं होतं. तो अर्धा तास दर शुक्रवारी कुणाच्या ना कुणाच्या गुडघ्याला मिळत होता.

झरा गावाबाहेर, वाळूच्या टेकाडांमध्ये. त्याला ना भिंत, ना दार. वाटेच्या वळणावर एक खांब तेवढा होता. शुक्रवारच्या नमाजापर्यंत बायका आणि नंतर पुरुष अशी वेळ ठरलेली होती, पण घड्याळापेक्षा खांबाचा मान मोठा. खांबावर बाईचं फडकं असलं, की आत बायका आहेत. पुरुषानं तिथंच थांबायचं, झऱ्याकडे पाठ करायची आणि आत कोण आहे ते विचारायचं नाही. विचारणारा पुरुष गावात अजून जन्मला नव्हता, आणि गावाला दुसरं काही नसलं तरी हा एक अभिमान होता.

त्या दिवशी मबरूकाबाईंचा उजवा गुडघा तासाभरात मऊ झाला. डाव्याला वाईट वाटू नये म्हणून त्यालाही एक तास मिळाला. सालहा पोरीला मांडीवर घेऊन काठावर बसून होती. सासूबाई बाहेर आल्या तोवर नमाजाची वेळ झाली. बाकीच्या बायका खांबावरची फडकी काढून घरी गेल्या.

"पुढच्या शुक्रवारी तूच जा हो आधी," मबरूकाबाई म्हणाल्या. असं त्या गेले सहा शुक्रवार म्हणत होत्या. मग खांबाअलीकडच्या झुडपाआड, चहाच्या किटलीशेजारी त्या जरा लवंडल्या.

नेमकं तेव्हाच सिरीननं आपलं दुपटं या टोकापासून त्या टोकापर्यंत भरवलं. ते सासूबाईंच्या जुन्या लाल शालीतून फाडलेलं होतं. झऱ्याचं पाणी वाहून जातं त्या पाटात सालहानं ते धुतलं, पिळलं आणि ऊन बघून खांबावर वाळत टाकलं. नियम तिला लहानपणापासून पाठ होता. पण सात महिने न झोपलेल्या माणसाला खांब हा नुसता खांबच दिसतो.

नमाज आटोपून जिलानीसह नऊ पुरुष पंचे खांद्यावर टाकून आले. लाल फडकं दिसताच नऊ पाठी एकदम झऱ्याकडे वळल्या. तोंडं वाऱ्याच्या दिशेला आली, आणि वारा डिसेंबरचा होता.

अर्धा तास सगळे अत्यंत सभ्यपणे गारठले. मग आत कोण आहे हे न विचारता जाणून घ्यायचं कसं, यावर विचार सुरू झाला. ज्यानं त्यानं आपल्या घरी फोन लावून 'तू घरीच आहेस ना' एवढंच विचारायचं ठरलं. जिलानीला फोनची गरज नव्हती, त्याची सालहा समोरच होती. सात बायका घरीच होत्या. त्यातल्या पाचजणींनी, हे विचारायचं कारण काय, असं उलट विचारलं, आणि तिघींना मिळालेलं कारण पटलं नाही. हमादीच्या बायकोनं मात्र फोनच उचलला नाही. झालं. आठही जण हमादीकडे दयेनं पाहू लागले.

"तिला जरा वेळ लागतो," हमादी खालमानेनं म्हणाला. "लग्नाच्या दिवशीही लागला होता."

"वेळ लागू दे," संधिवातानं वाकलेले हाजी तिजानी म्हणाले, "पण बाई आहे का मासा?"

हमादीनं एकेकाची माफी मागितली. शेवटी सगळ्यांनी जिलानीला पुढे केलं, कारण त्याची बायको तिथंच झुडपापाशी बसली होती.

"सालहा, आत जाऊन सांग जरा. हमादीची बायको आहे म्हणतात. म्हणावं, बाहेर माणसं गोठलीत."

"आणि हिला?"

"दे इकडे," जिलानी म्हणाला. आजवर त्यानं मुलीला कॉफीला उकळी येईपर्यंतच धरलेलं होतं.

सालहा खांबापाशी आली आणि तिथंच थबकली. फडकं ओळखायला तिला क्षणही लागला नाही. ते काढायला तिनं हात वर केला. मागे नऊ पाठी. पुढे झऱ्याभोवतीच्या बोरूच्या बेटाआडून वाफ वर येत होती, आणि पाण्यात चिटपाखरू नव्हतं. हात वर गेलाच होता, म्हणून तिनं फडक्याचं दुमडलेलं टोक तेवढं सरळ केलं, लांबून नीट दिसावं म्हणून. मग ती आत गेली.

इकडे सिरीननं सूर लावला. तिला एकेकानं घेऊन पाहिलं. हाजींच्या दाढीनं ती जरा रमली, पण मग दाढीच सोडेना. त्यानंतर हमादीकडे तिला सर्वांत जास्त वेळ ठेवण्यात आलं, कारण अपराध त्याच्याच घरचा होता. या गोंधळानं मबरूकाबाई जाग्या झाल्या आणि गुडघे धरत वळणावर आल्या.

"आई, आत अजून किती..." एवढं बोलून जिलानीनं जीभ चावली.

मबरूकाबाईंनी खांबाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ती शाल त्यांनी वीस वर्षं पांघरली होती. बोरूपलीकडून पाण्याचा आवाज येत होता, आणि कुणीतरी बेसूर गुणगुणत होतं.

"सहाजणी आहेत," त्या म्हणाल्या. "वेळ लागेल. तोंडं तिकडे करा."

तासाभरानं सालहा आली. ओले केस रुमालात बांधलेले, चेहरा खजुराच्या पाकात घोळल्यासारखा. तिनं पोरीला घेतलं, आणि पोर छातीशी येताच गप्प झाली. तेवढ्यात हमादीचा फोन वाजला. बायको पलीकडून इतक्या मोठ्यानं बोलत होती, की ती दुपारभर घरीच झोपली होती हे नऊही जणांना कळलं.

"किती जणी होत्या गं?" जिलानीनं दबक्या आवाजात विचारलं.

"एकच."

"आई तर म्हणाली सहा."

मबरूकाबाई उंचावरून पेल्यात चहा ओतत होत्या. धार हलली नाही. "पाच मागच्या दारानं गेल्या."

जिलानीनं झऱ्यामागं पाहिलं. तिथं क्षितिजापर्यंत नुसती वाळू होती. आपल्या गावात विचारत नाहीत हे त्याला वेळेवर आठवलं, आणि तो पंचा घेऊन मुकाट्यानं निघाला.

सालहानं खांबावरून वाळलेलं दुपटं काढलं आणि मान खाली घालून घडी घालू लागली. सासूबाईंनी तिच्यासमोर पेला ठेवला.

"पुढच्या शुक्रवारी जरा मोठं आण," त्या म्हणाल्या. "हे लांबून दिसत नाही."