तुनी गाडी कोनती शे?

जळगावातल्या आमच्या कॉलेजात प्रवेशाला आलेल्या मुलाला प्राचार्य टक्के विचारतात, प्राध्यापक आवड विचारतात, आणि मुलाचे वडील सगळ्यांनाच विचारतात की याने नोकरी लागेल का. प्रवेशाच्या खिडकीत बसलेले कारकून हिलालनाना यातलं काहीच विचारत नाहीत. ते चष्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात, "तुनी गाडी कोनती शे?"

गाडी म्हणजे गावाला परत जाणारी एसटी. पोरगं गोंधळून सांगतं, "सव्वातीनची." नाना टेबलाच्या काचेखाली बघतात, गाडीच्या आधी संपतील तेच विषय फॉर्मवर लिहितात आणि त्याच्या पदवीचा निकाल लावून टाकतात.

इतर कारकुनांच्या काचेखाली देव असतात, नातवंडं असतात. नानांच्या काचेखाली रेघा मारून, तीन रंगांच्या शाईत स्वतः उतरवलेलं गाड्यांचं वेळापत्रक आहे. चोपडा, यावल, एरंडोल, मुक्ताईनगर, सगळी गावं आणि फाटे. सगळ्यात खाली मात्र एक ओळ भलतीच आहे : 'धुळ्याहून, ५.१०.' जळगावच्या कॉलेजात धुळ्याहून सुटणाऱ्या गाडीचं काय काम, असं मी एकदा विचारलं. "ऱ्हाऊ द्या सर," एवढंच म्हणाले. नानांची चूक सापडली म्हणून मी दोन दिवस खुशीत होतो.

नवीन शैक्षणिक धोरण आलं तेव्हा आम्ही सगळेच गडबडलो होतो. पहिल्या वर्षाला मुख्य विषय, त्याला जोडून दुय्यम, शिवाय दुसऱ्या शाखेतून उचलायचा एक ओपन इलेक्टिव्ह, एक कौशल्याचा, एक मूल्यांचा, एक ज्ञानपरंपरेचा. प्रत्येकाची वेगळी टोपली, प्रत्येक टोपलीतून ठरलेले क्रेडिट. एक टोपली रिकामी राहिली की पदवी नाही. समजावून सांगायला बाहेरगावचे तज्ज्ञ आले. दोन तास बोलले. शेवटी 'काही शंका?' म्हणाले, तेव्हा आम्ही प्राध्यापक मंडळी पोह्यांच्या वासाकडे लक्ष ठेवून होतो. दारात उभे असलेले नाना तेवढे बोलले : "साहेब, ह्या टोपल्या सुटतात किती वाजता?"

तज्ज्ञांनी लॅपटॉप मिटला. नानांच्या मते तिथेच धोरण नापास झालं.

मुक्ताईनगरकडच्या एका हुशार मुलीला मानसशास्त्र हवं होतं, तर नानांनी तिला योग दिला. "मन नंतर बी समजी, माय. गाडी नंतर नही." एका सराफाच्या मुलाला मात्र सकाळी साडेसातचा एक आणि संध्याकाळी पाचचा एक, असे दोन तास दिले. तो रडकुंडीला आला. "तुले काय, घरनी मोटरसायकल शे," नाना म्हणाले. मोटरसायकलवाल्यांबद्दल नानांच्या मनात दयामाया नाही.

आता माझं सांगतो. मी मराठी शिकवतो. माझं ओपन इलेक्टिव्ह 'साहित्य आणि समाज', दुपारी बारा वाजता. पहिल्याच वर्षी साठच्या साठ जागा भरल्या. मी बायकोला सांगितलं, साडूला फोन करून सांगितलं की खान्देशात साहित्याची भूक अजून जिवंत आहे. मग एका तासाला न राहवून मुलांना विचारलं, हा विषय का निवडलात? पहिल्या बाकावरचा उभा राहिला. "सर, सव्वातीनची गाडी." दुसरा म्हणाला, "सर, अडीचची." पाठीमागून एक प्रामाणिक आवाज आला, "सर, नानांनी दिला."

हे माझ्या फार जिव्हारी लागलं. पुढच्या वर्षी मी वेळापत्रक समितीचा प्रमुख झालो आणि माझा तास बाराचा उचलून चारला ठेवला. ज्याला खरंच साहित्य हवंय तो चारला येईल, असा माझा बाणा.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नाना स्टाफरूममध्ये आले. ते खिडकी सोडून आमच्याकडे कधी येत नाहीत. हातात एक फॉर्म होता. रमिला पावरा, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव.

"सर, तुमचा तास बाराला घ्या."

"का?"

"हिची गाडी सव्वाचारची. बाराचे बाकीचे बठ्ठे विषय भरले. हिची एक टोपली रिकामी राहते."

"पुढच्या सत्रात भरून काढेल."

"पुढच्या सत्रात गाडी बदलनार शे का?"

मी म्हटलं, "नाना, टाइमटेबल कॉलेजचं असतं, डेपोचं नसतं." वाक्य मला आवडलं. बाकीचेही हसले. नाना हसले नाहीत.

"तिच्या बापाने सांगितलंय," ते म्हणाले, "एक दिवस गाडी चुकली, तर दुसऱ्या दिवसापासून कॉलेज नाही. बाप वाईट नाही सर. फाट्यापासून तीन किलोमीटर जंगलाची वाट आहे. विषय बदलायला शनिवारपर्यंत मुदत आहे." फॉर्म माझ्या टेबलावर ठेवून ते गेले.

मी तो फॉर्म पेपरवेटखाली ठेवला आणि विसरलो. खरं सांगायचं तर विसरलो नाही, पेपरवेटच तेवढा जड निवडला.

शुक्रवारी सासूबाईंना भुसावळच्या गाडीत बसवायला स्टँडवर गेलो. सव्वाचारला पाच मिनिटं कमी होती. चोपड्याच्या गाडीच्या दाराशी हिलालनाना उभे. हातात कागद, खिशात पेन. चढणाऱ्या मुलींची नावं बघून एकेक खूण करत होते. नाना रोज चारच्या सुमाराला खिडकी बंद करून कुठे जातात, याबद्दल मीच प्राचार्यांकडे कुरकुर केली होती. चहाला जात असणार, असं माझं मत होतं.

गाडी हलली. नानांनी कागदाची घडी घातली आणि बाकावर बसले. मीही जाऊन शेजारी बसलो. काय बोलावं सुचेना, म्हणून विचारलं, "नाना, ती धुळ्याची पाच दहाची कुणाची?"

नानांनी कागद आमच्या दोघांच्या मध्ये बाकावर ठेवला.

"आमच्या सिंधूची. धाकटी बहीण. धुळ्याला कॉलेजात होती, पहिल्या वर्षाला. भूगोलाचं प्रॅक्टिकल लांबलं, गाडी चुकली. ट्रकवाल्याला हात दाखवून घरी आली. काही झालं नाही, सुखरूप आली. पण बापाने दुसऱ्या दिवशी पुस्तकं माळ्यावर टाकली. तिचं हातापाया पडणं मी पाहिलं आहे सर."

"भूगोल तिने का घेतला?"

"तिने नाही घेतला. फॉर्म भराले मी गयथू. प्रॅक्टिकलना विषय म्हनजे भारी विषय, असं मले वाटनं. घर यीसन सांगं, कॉलेजनी दिधा." नाना प्रमाण मराठी सोडून केव्हा घरच्या बोलीत गेले, ते त्यांनाही कळलं नसावं. "भूगोल मीच लिधा, हे तिले अजून माहीत नही."

मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी नानांचा कागद उगाच हातात घेऊन वाचू लागलो. सगळ्या नावांपुढे खूण होती. रमिलाच्या नावापुढेही.

शनिवारी सकाळी माझा तास पुन्हा बाराला आला. साठ जागा दोन तासांत भरल्या. रमिला पहिल्या बाकावर बसते. तिने विषय का घेतला, हे मी विचारत नाही.

रक्षाबंधनाच्या दिवशी मी ऑफिसात असताना एक बाई आल्या. हातात डबा, केस पांढरे, आवाज खणखणीत. खिडकीपुढे बसच्या पासचे दाखले न्यायला मुलींची रांग होती. बाईंनी आत येऊन नानांना राखी बांधली, मग रांगेकडे बघून मला म्हणाल्या, "सर, मी बी कॉलेजमा व्हतू. पयलं वरीस. मन्हा भाऊनी कितली मेहनत करी मन्हासाठे! पन धुयाना कॉलेजमा एक कारकून बसेल व्हता, त्यानी भलताच विषय दिधा." त्या हसल्या, पण डोळे हसले नाहीत. "त्या मेलाले एवढं इचारता उनं नही का, पोरी, तुनी गाडी कोनती शे?"

नानांनी वर पाहिलं नाही. डाव्या हाताने चष्मा कपाळावर सरकवला आणि खिडकीतल्या मुलीला तोच प्रश्न विचारला. राखीचा उजवा हात त्यांनी काचेवर पालथा ठेवला होता, बरोबर सगळ्यात खालच्या ओळीवर.