सहावा प्रश्न

“येत्या जूनमध्ये आपल्या शाळेतलं एकही पोर त्या पिवळ्या गाडीत चढणार नाही!”

बाहुबली मगदूम गुरुजींनी ही गर्जना केली ती आपल्या पुस्तकांच्या कपाटापुढे. माणसांपुढे गर्जना करायची त्यांची छाती नव्हती. आईबापांनी नाव बाहुबली ठेवलं खरं, पण फळा पुसतानासुद्धा गुरुजी आधी इकडंतिकडं बघत, कुणाची हरकत तर नाही ना!

आष्ट्याजवळच्या मळ्यातली त्यांची दोन खोल्यांची प्राथमिक शाळा. पट अकरा. दहाच्या खाली गेला की कुलूप, असा वरून निरोप होता. आणि आष्ट्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी रोज सकाळी फाटकासमोर भोंगा वाजवून जायची, खुराड्यावरून घार फिरते तशी!

गुरुजींनी जन्मभर इंग्रजी कादंबऱ्या वाचल्या, पण बोलायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटायची. एकदा सहलीत पाचगणीला एका गोऱ्या पाहुण्यानं वाट विचारली, तर गुरुजी हात जोडून नमस्कार करून थेट झाडामागं गेले! पण आता शाळेचा प्रश्न होता. त्यांनी कंबर कसली. चित्रांची कार्डं झाली, गाणी झाली, दुकान-दुकान खेळ झाला. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत पोरं इंग्रजी वाचायला लागली, लिहायला लागली आणि चक्क बोलायला लागली! शेजारच्या बांधावरची शेळीसुद्धा ‘कम हियर’ म्हटलं की यायची.

अशात एका दुपारी प्राचीची आजी, आक्काताई, घडी घातलेला कागद घेऊन आली.

“गुरुजी, मलाबी इंग्रजी शिकवा.”

“तुम्हांला? आता या वयात?”

“आवं, लेक-सून पुण्याला. पोरगी माझ्याजवळ. मग पालक कोण? मीच की! ह्ये सा प्रश्न हायेत. तेवढंच शिकवा, जास्ती नगो.”

नातीशी घरात इंग्रजी बोलायचं म्हणून म्हातारी शिकतेय, या कल्पनेनंच गुरुजींचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी सुमैराचा बाप यासीन आला. गावातला वेल्डर. त्याच्याही खिशात तसाच कागद. आठवड्याभरात नऊ पोरांचे पालक वर्गातल्या चटयांवर गुडघे हनुवटीला लावून बसले! सगळ्यांच्या कागदावर तेच प्रश्न कसे, ही शंका गुरुजींना यायला हवी होती. पण त्यांचा शंका घेण्याचा सगळा जोर स्वतःवरच खर्च व्हायचा, दुसऱ्यासाठी काही उरायचंच नाही.

“वॉट वर्क डू यू डू?” गुरुजी विचारत.

“आय वेल्ड गेट!” यासीन असा ओरडे, की गेटवर हातोडा पडल्यासारखं वाटे.

“आय मिल्क बफेलो,” आक्काताई म्हणे. “बफेलो किक.”

“आक्काताई, लाथ सांगायची गरज नाही.”

“का बरं? मारत्या की ती!”

सहावा प्रश्न मात्र आला आणि गुरुजींनी तो दोनदा वाचला. ‘आमच्या शाळेत मुलाला का घालायचंय?’ आमची शाळा! तीस वर्षांत त्यांच्या शाळेबद्दल हे कुणी विचारलं नव्हतं. एक अख्खा रविवार कागद फाडून त्यांनी उत्तर लिहिलं: ‘बिकॉज द टीचर हियर लव्ज माय चाइल्ड.’ इथले गुरुजी माझ्या लेकरावर माया करतात. मग वाटलं, ही आत्मस्तुती तर नाही? खोडलं. परत लिहिलं.

सगळ्यांनी ते एका सुरात म्हटलं, तेव्हा यासीन खूश झाला.

“गुरुजी, लय भारी! ह्याच्यावर कोण न्हाई म्हणंल?”

गुरुजी लाजून टेबलाखाली न पडलेला खडू शोधत बसले.

एप्रिलमधल्या एका शनिवारी फाटकासमोर पिवळी गाडी थांबली. आणि काय! गाडीत नुसती पोरं नाहीत, पालकसुद्धा! इस्त्रीचे कपडे घालून सगळा वर्ग पोरांचे हात धरून चढत होता.

“अरे, कुठं निघालात सगळे?” गुरुजींनी विचारलं.

यासीननं चपलेकडं बघितलं. आक्काताईनं पदर सारखा केला. शेवटी सुमैरानंच मोठ्यानं सांगितलं, “टुडे इज माय फादर्स इंटरव्ह्यू, सर!”

वाक्य पूर्ण. उच्चार स्वच्छ. एक चूक नाही.

“व्हेरी गुड,” गुरुजींच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

गाडी गेली. ‘आमची शाळा’ म्हणजे कुठली, ते गुरुजींना धुरळा खाली बसल्यावर कळलं.

नऊच्या नऊ पालक पास झाले! इतकी तयारी केलेले पालक आम्ही पाहिले नाहीत, असं तिथल्या बाई म्हणाल्या म्हणे.

मग दाखल्यांची रांग लागली. सगळ्यांत शेवटी आली आक्काताई. उंबऱ्यातच थबकली.

“राग आला व्हय, गुरुजी?”

“नाही हो.”

“तुमास्नी सांगायचं धाडस न्हवतं बघा.”

“माझंही विचारायचं नव्हतं.”

“पर सहाव्या प्रश्नाला घोटाळाच झाला. ‘लव्ज माय चाइल्ड’ म्हणाया गेले आन तुमीच दिसाया लागलासा. रडूच फुटलं! बाईंनी पाणी दिलं, म्हणाल्या, केवढी माया हाय आजींची आमच्या शाळंवर! आन पैकीच्या पैकी मार्क!”

गुरुजी हसले. मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले. पट आता दोन. कुलूप यायला फार दिवस लागणार नव्हते.

त्यांनी प्राचीचा दाखला पुढं ओढला. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, प्रगतीपुढं ‘उत्तम’ लिहिलं. शेवटी रकाना आला, ‘शाळा सोडण्याचे कारण’. खरं कारण खुर्चीत बसून पेन झटकत होतं. पण रकाना लहान, आणि दाखल्यावर खोडाखोड चालत नाही!

गुरुजींनी सुवाच्य अक्षरात नवव्यांदा लिहिलं: पालकांच्या विनंतीवरून.