बघायचा हॉल

माणूस राहण्यासाठी घर बांधतो, असा एक गैरसमज काही मागासलेल्या भागांत अजून टिकून आहे. सुधारलेला माणूस दाखवण्यासाठी घर बांधतो आणि दाखवून जे उरेल त्यात राहतो.

हे सत्य सांगलीत १९९४ पर्यंत सर्वांच्या अंगवळणी पडलं होतं. कमी होती ती फक्त तज्ज्ञाची. तो आटपाडीहून आला. नाव प्रबुद्ध, पदविका पुण्याची. मार्केट यार्डाजवळ हळदीच्या वासात त्याने एक गाळा घेतला आणि ‘इंटिरियर डिझायनर’ अशी पाटी लावली. पहिल्या चार महिन्यांत एकूण एकोणीस लोक आत आले. सात जणांना सुतार हवा होता, पाच जणांना स्कूटरची नंबरप्लेट रंगवून हवी होती, एकाला विहीर कुठे खणावी ते विचारायचं होतं आणि उरलेले सहा आडोशाला थांबले होते. (पाऊस त्या वर्षी बरा झाला.)

आटपाडीहून वडिलांचं, धम्मपाल गुरुजींचं, पत्र आलं : ‘दिवाळीपर्यंत चार लोकांनी पाहावं असं एक तरी काम कर. नाहीतर इथे शाळेत कारकुनाची जागा रिकामी होते आहे.’ प्रबुद्धला कारकून व्हायचं नव्हतं.

अशा वेळी नाथाजी भेटले. सुभेदार म्हणून निवृत्त, घरचा ऊस, नवा बंगला, आणि मुलगी अंकिता लग्नाची. दसऱ्यानंतरच्या रविवारी पाटणचे पाहुणे तिला बघायला येणार होते.

“हॉल असा पायजे,” नाथाजी म्हणाले, “की पाव्हण्यानं दारातच सॅल्यूट ठोकला पायजे.”

आडनाव विचारून झाल्यावर प्रबुद्धला हॉलमध्ये पूर्ण संचार मिळाला. स्वयंपाकघरातल्या ओट्याची मापं मात्र नाथाजींनी आतून ओरडून सांगितली. (काही वितीत, काही लष्करी कदमांत.)

हॉल खरोखर देखणा झाला. छताला पीओपीची कमळं, कमळांत लपवलेले दिवे, लाल मखमली सोफा आणि भिंतभर शोकेस. शोकेसमध्ये चिनी मातीचे बारा कप, नाथाजींची पदकं आणि एक टेलिफोन (लाइन यायची होती). नाथाजींच्या पत्नी मनुबाई उंबऱ्यात उभ्या राहून डोळे पुसायला लागल्या. मग त्यांनी सोफ्यावर प्लॅस्टिक घातलं, प्लॅस्टिक खराब होऊ नये म्हणून चादर टाकली, चादर मळू नये म्हणून वर्तमानपत्रं पसरली, आणि हॉलला कुलूप लावलं.

रविवारी पाटणहून सात जण आले. प्रबुद्धही इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी हजर होता. चार लोकांची अट होती, सात आले होते, आणि कुलूप जागच्या जागी होतं.

“काकी, हॉल उघडा की! त्यासाठीच तर केलाय!” तो अगदी काकुळतीला आला.

“आवं, सात मान्सं म्हंजी चौदा पाय! येवढं जीव लावून तुमीच केलं, आन तुमीच खराब करा म्हनताय व्हय?”

पाहुण्यांना मागच्या दाराने नेऊन स्वयंपाकघरात चटईवर बसवलं. हॉल व्हरांड्याच्या खिडकीतून दाखवण्यात आला, एका वेळी दोघांना. मुलाची आई येसूबाई काचेला नाक लावून बराच वेळ उभ्या होत्या.

“हितं बसतं कोन?”

“कुनीबी न्हाई,” मनुबाई अभिमानाने म्हणाल्या. “वारंसुदिक आत जात न्हाई.”

“मग पोरगी पसंत हाय,” येसूबाई म्हणाल्या. “वस्तू जपनारं घर हाय.”

(अंकिता पोह्यांचं ताट घेऊन दाराआड उभीच होती. तिला नंतर बघितलं.)

असा हॉल कुणी केला, याची चौकशी सुरू झाली, आणि खुलाशासाठी प्रबुद्धला स्वयंपाकघरात बोलवावं लागलं. जिथे त्याला मज्जाव नव्हता त्या खोलीला कुलूप असल्याने, जिथे होता तिथे तो बसून चहा प्याला. ऐकीव मापांचा ओटा मनुबाईंच्या हनुवटीपर्यंत आल्याचंही त्याला तेव्हाच दिसलं.

दिवाळीच्या आत अकरा हॉल मिळाले. प्रबुद्धला धंद्याचं मर्म कळलं होतं. तो कागदावर आधी खिडकी काढायचा, मग तिच्यामागे हॉल. पुढे मिरजेच्या एका सद्‌गृहस्थाने दारच गाळलं. हॉलला नुसती खिडकी. दोन वर्षांत त्यात धुळीचा कण नाही (कारागीर छतातून बाहेर आले).

१९९९ मध्ये प्रबुद्धने स्वतःचं घर बांधलं. गुरुजी आले, खिडकीतून हॉल बघितला आणि मागच्या पायरीवर टेकले.

“आबा, आत बसा की.”

“नको रं. लय चांगलं केलंयस. खराब हुईल.”

प्रबुद्धला वाईट वाटलं. त्याने किल्ली काढली, दोनदा हातात फिरवली, आणि तोही पायरीवर बसला.

आपण मात्र त्यांच्यातले नाही. आपल्या हॉलला कुलूप नाही, आणि हे आपण हॉलमध्येच बसून वाचतो आहोत. फरशीवर, सोफ्याला पाठ टेकून, हातात टवका उडालेला कप. ते बारा चांगले कप समोरच आहेत, कुणी आलं तर असावेत म्हणून.