गंबोतले छर्रे

बदक सोलता सोलता क्लोव्हिसचा हात थांबला. छातीच्या लाल मांसात पांढरे दाणे दिसत होते. दुसरं सोललं, त्यातही तेच.

"एलोदी, हे बघ! शेतात इतकं हादडलंय की तांदूळ अंगात उतरलाय!"

एलोदीने वाकून पाहिलं. "तांदूळ कसला? किडे आहेत ते. टाक खाली."

क्लोव्हिसच्या तोंडचं पाणी पळालं. एलोदीच्या घरची रीत अशी की सासऱ्याने मारलेल्या बदकांचा गंबो, म्हणजे दाट काळा रस्सा, होणाऱ्या जावयाने रांधायचा, आणि तो खाऊनच सासऱ्याने होकार द्यायचा. त्यात एलोदीचे वडील तेलेस्फोर अख्ख्या लुइझियानाभर सांगत फिरत, की माझ्या शेतावरचं बदक कधी किडकं निघालेलं नाही. त्यांना ही सहा बदकं दाखवणं म्हणजे आपल्या हाताने लग्नावर पाणी सोडणं.

"मी दुकानातून कोंबड्या आणते," एलोदी म्हणाली.

"काकांना कळेल ना!"

"त्या काळ्या रश्शात कोण ओळखतंय?"

सहाही बदकं कचऱ्याच्या डब्यात गेली आणि कोंबड्या शिजल्या. पण दाताखाली छर्रा आला की बदक खरं, अशी या घराची समजूत. क्लोव्हिसने एक काडतूस फोडलं. दोन-चार छर्रे टाकायचे होते, पण घाईत अख्खं काडतूस पातेल्यात रिकामं झालं. झाऱ्याने काढायला गेला, तर ते आणखीच पसरले. प्रेमात पडलेल्या माणसाला स्वयंपाकघरात येऊ देऊ नये, हेच खरं.

पंगत बसली आणि पहिला 'कट्' एलोदीच्या उर्सूल आत्यांच्या तोंडातून आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दहाव्या 'कट्'नंतर टाळ्या थांबल्या.

"तेलेस्फोर," आत्या गाल धरून म्हणाल्या, "बदकांशी तुझं वैर होतं का रे?"

"पण चव बघा," पाद्रीबुवा कवळी तपासत म्हणाले. "कोंबडीला याची सर नाही."

तेलेस्फोर उठले. "पोरा, जरा आत ये."

क्लोव्हिस मान खाली घालून मागोमाग गेला. म्हाताऱ्याने दार लावून घेतलं आणि कचऱ्याच्या डब्याचं झाकण उचललं.

"किडकी निघाली?"

"हो, काका. सगळीच."

"दरवर्षीच निघतात." तेलेस्फोर दाराकडे बघत हळूच म्हणाले, "तीस वर्षं झाली, या घरात बदक शिजलेलं नाही. मलाही माझ्या सासऱ्यांनी असंच इथे आत बोलावलं होतं. पण छर्रे तीन टाकायचे असतात, जावईबापू. तीन!"