शिवशंकररावांची मागची बाजू

लातूरच्या एमआयडीसीत ईश्वरप्पांच्या रंगकामाच्या शेडमध्ये आज कोणती ऑर्डर चालू आहे, हे बघायला आत जायची गरज नसे. शेजारच्या भुजंगची शेळी बघितली की पुरे. शेळी तांबडी तर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शेळी राखाडी तर कपाटं. फवारायच्या गनमधून निघालेला रंग निम्मा लोखंडावर बसायचा आणि निम्मा वारा नेईल तिकडे जायचा. शेळी मुळात पांढरी होती, पण हे आता फक्त भुजंगला आठवत होतं.

"ईश्वरप्पा, सकाळी धोतर वाळत घातलं तवा पांढरं होतं," भुजंग कुंपणावरून ओरडायचा.

"मग आता काय झालं? हिरवं लई शोभून राहिलंय तुम्हाला!"

तोंडाने असं म्हणत असले तरी उडालेला रंग बघून ईश्वरप्पांना हळहळ वाटायची. वाया जाणारी गोष्ट त्यांना सहन होत नसे. बाकी कामात मात्र त्यांना कोणी नाव ठेवू शकत नव्हतं. रंगवायची वस्तू हुकावर टांगली की हुक टेकतो तिथे डाग राहतो. ईश्वरप्पा हुकांना जुन्या साड्यांच्या चिंध्या गुंडाळायचे, म्हणजे डाग अगदी पुसट. "माझ्या मालावर हुकाचा उघडा डाग दाखवा, ही मिशी उतरवून देतो," असं ते गिऱ्हाइकाला सांगायचे. मिशी चांगली जाडजूड होती, त्यामुळे शब्दाला वजन यायचं.

त्यांची मुलगी मंजुषा नांदेडला विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनियर होऊन आली आणि येताना एक मशीन घेऊन आली. मशीन वापरून बघण्यापुरतंच मिळालं होतं.

"अप्पा, यात पातळ रंग न्हाईच. भुकटी असती," तिने समजावलं. "गन भुकटीला वीज देती. मग जमिनीला जोडलेलं लोखंड जवळ दिसलं की भुकटी पळत जाऊन त्याला चिकटती. पार मागं वळून मागची बाजूसुद्धा धरती. खाली सांडली ती गोळा करून परत वापरायची. शेवटी सोबतच्या भट्टीत भाजलं की पक्कं."

"वाया काहीच जात न्हाई?" ईश्वरप्पांचे डोळे पाणावले.

"जवळजवळ काहीच न्हाई. पण शिवशंकररावांच्या कॉटांची ऑर्डर मिळाली तरच मशीन ठेवता येईल. न्हाई मिळाली तर मशीन परत, आन् मी पुण्याच्या कंपनीला होकार कळवते."

मशीनचं एक वेळ ठीक होतं, पण पोरगी पुण्याला जाणार म्हटल्यावर ईश्वरप्पांना भाकरी गोड लागेना. चार वर्षं ती नांदेडला होती तेव्हाच घर खायला उठायचं. ऑर्डर मिळवायचीच, असं त्यांनी मनाशी ठरवलं, आणि तिथेच सगळा घोळ झाला. कारण ईश्वरप्पा मदत करायला लागले.

शिवशंकरराव म्हणजे क्लासच्या पोरांसाठी हॉस्टेलं चालवणारी मोठी असामी. त्यांची एकच तक्रार होती. "रंगारी पुढून रंगवत्यात आन् मागून सोडून देत्यात. पोराची माय आधी कॉटच्या मागं बोट फिरवती. बोटाला गंज लागला की पोराला घेऊन दुसऱ्या हॉस्टेलात!" आज ते मशीनचं काम डोळ्यांनी बघायला येणार होते.

मंजुषा त्यांना आणायला फाट्यावर गेली, तेवढ्यात ईश्वरप्पांनी तयारी केली. धूळ उडू नये म्हणून सगळ्या शेडमध्ये पाणी शिंपडलं. मशीनची पूजा केली, हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. मग त्यांची नजर हुकाकडे गेली. पोरीने हुक कानशीने घासून लख्ख केला होता आणि त्यावर कॉट तशीच उघडी टांगली होती. डाग पडणार की!

"आगं नागम्मा, एखादी जुनी साडी दे."

"परवाच दिली की! सगळ्या साड्या तुमच्या हुकांनाच नेसवा," बायको कुरकुरली, पण तिने दिली. ईश्वरप्पांनी हुकाला चांगली जाड चिंधी गुंडाळली. पोरीला सांगितलं नाही. काम झाल्यावर डागाशिवायची कॉट बघून तिला आनंद होईल, असा त्यांचा बेत होता.

शिवशंकरराव आले. पांढरा शुभ्र शर्ट, पांढरी पॅन्ट.

"साहेब, पूजा झालीय. चपला तेवढ्या भाईर," ईश्वरप्पा नम्रपणे म्हणाले.

"हाव, हाव." शिवशंकरराव चपला काढून ओल्या फरशीवर अनवाणी आत आले आणि थेट कॉटला खेटून उभे राहिले.

"काका, जरा लांब उभं राहता का?" मंजुषा म्हणाली.

"मी लांबून माल घेत न्हाई, बाई. तू चालू कर." तेवढ्यात त्यांना फोन आला आणि ते बोलू लागले.

मंजुषाने मास्क, चष्मा चढवला आणि गन चालू केली. आकाशी भुकटीचा ढग मऊपणे बाहेर आला. कॉटपर्यंत गेला, कॉट लोखंडी असूनही तिला विचारीना, आणि डावीकडे वळला. चिंधीमुळे कॉटचा जमिनीशी संबंध तुटला होता. जमिनीशी घट्ट संबंध असलेली जवळची वस्तू एकच होती, आणि ती ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून फोनवर बोलत होती.

"न्हाई न्हाई, ॲडमिशनच्या आत सगळं तयार… आक्छी! … जेवण घरच्यासारखं… आक्छी!"

नागम्मा चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. "आवं… साहेब निळे पडून राहिले!"

मंजुषाने गन बंद केली, चष्मा वर केला. कॉट जशी आणली तशी काळी होती. शेजारी शिवशंकरराव डोक्यापासून पायापर्यंत आकाशी उभे होते. भुवया आकाशी, फोन आकाशी. त्यांनी हात बघितला, पोट बघितलं आणि सरळ दाराकडे निघाले.

बाहेर मे महिन्याचं ऊन रणरणत होतं. ईश्वरप्पांना एकदम आठवलं आणि ते किंचाळले, "साहेब, उन्हात जाऊ नका! भाजलं की पक्कं बसतं!"

शिवशंकरराव एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून जागच्या जागी थिजले.

"अप्पा, त्याला भट्टी लागती, ऊन न्हाई!"

"हे लातूरचं ऊन हाय, मंजू! कामून रिस्क घ्यायची?"

शिवशंकररावांना हे पटलं. त्यांनी पाय आत घेतला. "मग उतरवा ना हे! मला काय आयुष्यभर सावलीत बसवता?"

मंजुषा हुकाकडे बघत होती. तिने चिंधी ओढून काढली. "अप्पा, हे कोणी बांधलं?"

ईश्वरप्पांनी मान खाली घातली. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते बघून त्यांना पुण्याची बस समोर उभी दिसायला लागली. "डाग पडू नये म्हणून बांधलं गं," ते एवढंच म्हणाले.

तरी सवय ती सवयच. शिवशंकररावांच्या पायाखाली त्यांनी आधी स्वच्छ चादर अंथरली, कारण सांडलेली भुकटी परत वापरता येते. नागम्मा फडक्याने साहेबांना झटकू लागली.

"वैनी, पाठ कशाला झटकता? मी तर गनकडं तोंड करून उभा होतो."

"आवं, पाठीवर तर पोटापरीस चांगली बसलीय. कानामागंसुद्धा एक जागा सुटली न्हाई."

शिवशंकररावांनी नागम्माचा हात थांबवला. "कानामागं?"

"बगा की."

"थांबा, झटकू नका! ईश्वरप्पा, माझ्या मागून फोटो काढा. जवळून काढा. आता गुडघ्याच्या मागं."

ईश्वरप्पांनी हॉस्टेलमालकाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले. शिवशंकररावांनी एकेक फोटो मोठा करून बघितला. शर्टाच्या कॉलरच्या आतली घडीसुद्धा आकाशी होती.

"एवढ्या वर्षांत," ते हळू आवाजात म्हणाले, "माझ्या एकाबी कॉटला मागून असा रंग लागला न्हाई."

मग त्यांनी स्वतःच्या चपला घातल्या, गेटजवळच्या सावलीत जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आता कॉटला मारा." चिंधीशिवायच्या हुकावर टांगलेल्या कॉटला भुकटी अशी धावून चिकटली की बघत राहावं. कॉट भट्टीतून निघून गार झाल्यावर शिवशंकररावांनी ती उलटी केली, मागून बोट फिरवलं आणि सगळ्या हॉस्टेलांच्या कॉटांची ऑर्डर देऊन टाकली. फक्त कॉटच्या वरच्या कडेला, हुक टेकला होता तिथे, एक बोटाएवढा डाग होता.

"तो असू द्या," शिवशंकरराव म्हणाले. "पण ईश्वरप्पा, तुम्ही मिशीचं काय म्हणत होता?"

मंजुषाने त्याच संध्याकाळी पुण्याला नकार कळवला.

दोन आठवड्यांनी भुजंग एक पांढरी शेळी घेऊन ईश्वरप्पांची साक्ष काढायला शेडच्या दारात आला. रंग उडायचा थांबल्यापासून शेळी पांढरी झाली होती; बाजारात लोक ही तुझीच कशावरून म्हणून भांडत होते, आणि आता त्याची स्वतःचीही खात्री उरली नव्हती. आत एक गुळगुळीत तोंडाचा माणूस गाणं गुणगुणत कानशीने हुक घासत बसला होता.

"रामराम," भुजंग म्हणाला. "इथं ते ईश्वरप्पा असायचे, कुठं गेले?"